वायरी गुंडाळायच्या आधी मिळालेलं पाकीट

मामा,

हे पत्र असं चारचौघांत लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, हे माहीत आहे. पण समोर येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता आणि अँपच्या (अँप्लिफायरच्या) मागं हात घालून कुठली तरी पिन तपासत बसता. म्हणून लिहितोय. शिवाय कोल्हापुरात आज कितीतरी पोरं लॅपटॉप आणि कंट्रोलर घेऊन डीजे व्हायला निघाली आहेत. त्यांना, आणि त्यांना वाजवायला बोलावणाऱ्यांनाही, तुमच्यासारख्या डॉल्बीवाल्यानं गोदामात शिकणाऱ्या आम्हा पोरांसाठी काय केलं ते कळावं असं मनापासून वाटतं.

उचगावच्या लॉनवरची ती हळद. पाहुणे जमून जेवणं उरकेपर्यंतचा पहिला तास नव्या पोरांनी सांभाळायचा, मग मुख्य डीजे, असं ठरलेलं. कार्यक्रम संपला. अजून एकही वायर गुंडाळलेली नव्हती, बॉक्स टेम्पोत चढले नव्हते, आणि तुम्ही पाकीट हातात ठेवलंत. वर पेनानं तारीख, ‘पहिला तास’ आणि रक्कम. जेवढी ठरली होती तेवढीच. मग सहीसाठी वही पुढं केलीत. त्या पानावर वरती जनरेटरवाला, खाली टेम्पोवाला आणि मधल्या ओळीत आम्ही.

मामा, पैसे खर्च झाले, ती ओळ अजून डोळ्यांपुढं आहे. जनरेटरवाल्याला कुणी म्हणत नाही की तुला अनुभव मिळाला, आता पैसे कशाला. टेम्पोवाल्याला कुणी सांगत नाही की फोटोत तुझा टेम्पो दिसतोय, तुझं नाव होईल. तुमच्या वहीत आमचं काम त्यांच्या कामासारखंच काम होतं. मागावं लागलं नाही, ताटकळावं लागलं नाही, ‘उद्या फोन कर’ ऐकावं लागलं नाही. हे लिहितानाही गळा दाटून येतोय.

दाटून येतो, कारण त्याआधी भेटलेले लोक वेगळे होते. एका क्लासनं सगळी फी आधी घेतली, दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणारं सिंकचं बटण दाबायला शिकवलं आणि रंगीत सर्टिफिकेट दिलं. गेन, म्हणजे मिक्सरमध्ये येणारा सिग्नल किती वाढवायचा, हे त्या क्लासमध्ये कुणी उच्चारलंसुद्धा नाही. एका आयोजकानं रात्रभर वाजवून घेतलं आणि ‘पार्टीनंच दिले नाहीत’ म्हणून हात झटकले. पार्टीनं आगाऊ दिले होते, हे नंतर कळलं. दुसऱ्या एकानं चहा-नाष्टा हेच मानधन समजायला लावलं. त्यांची नावं इथं लिहीत नाही. हे पत्र त्यांनी वाचलं तर त्यांना ओळख पटेलच.

तुमच्याकडं फी नव्हती. गोदाम होतं, आणि विचारलं की उत्तर मिळायचं. तिथं जे शिकलो त्यातलं थोडं इथं मांडतो, कारण ते अडवून ठेवणं तुम्हालाही पटणार नाही.

पहिलं म्हणजे लाल दिवा. डॉल्बीवर वाजवणाऱ्या नव्या पोराचा हात आपसूक वर जातो, सगळं फुल्ल. तुम्ही मिक्सरच्या मीटरवर बोट ठेवून सांगितलंत: हिरव्यावर खेळव, जोराच्या ठोक्याला पिवळा चमकला तर चालेल, लाल कधीच नाही. आणि कारणही सांगितलंत. सिग्नल मर्यादेपलीकडं ढकलला की लहरींचे शेंडे छाटले जातात. छाटलेल्या लहरीतून वरच्या पट्टीत नको ती जादा ऊर्जा तयार होते, ती टॉपमधल्या (वरच्या पट्टीच्या बॉक्समधल्या) ड्रायव्हरवर, म्हणजे आवाज काढणाऱ्या भागावर जाते, कॉइल तापते आणि जळते. मालक मग म्हणतो, टॉप कसा गेला कळलंच नाही. आवाज कमी वाटला तर बॉक्स वाढवायचे, फेडर (आवाजाची सरकपट्टी) नाही. अँपचे वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. हे गणित समजलं की वर चढवायची खुमखुमी जाते. प्रत्येक गाण्याची ट्रिम (म्हणजे त्या गाण्याचा गेन) आधी हेडफोनवर लावून घ्यायची, इक्यू (बेस-ट्रेबलची बटणं) मधोमध ठेवून, मग फेडर उघडायचा. जुनी गाणी हळू भरलेली असतात, नवी चढी. ट्रिम न लावता गाणं बदललं की आवाज एकदम कोसळतो किंवा कानावर आदळतो.

चालू करताना आधी लॅपटॉप, मग मिक्सर आणि अँप सगळ्यात शेवटी. बंद करताना अँप सगळ्यात आधी. उलटं केलं की ‘धप्प’ असा झटका थेट बेसच्या कोनला बसतो. लॅपटॉपचा चार्जर लावला आणि घूंऽ सुरू झालं तर तो अर्थिंगचा फेरा आहे. लॅपटॉप आणि साउंड वेगवेगळ्या बोर्डावर असले की तो हमखास होतो. त्यावर चार्जरची अर्थिंगची पिन काढून टाकणारी माणसं आहेत, आणि तुम्ही एरवी कधी न चिडणारे, त्यावर मात्र चिडला होता. शॉक बसून माणूस जाईल, गाणं गेलं तर गेलं, असं म्हणाला होता. उपाय साधा आहे: दोन्ही एकाच बोर्डावर घ्यायचे, तरी राहिलं तर मधे ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (दोघांमधली अर्थिंगची जोडणी तोडून सिग्नल पुढं देणारी डबी).

गाण्यांच्या बाबतीत तुम्ही अजून कडक. व्हिडिओवरून उतरवलेलं १२८ केबीपीएसचं गाणं लॅपटॉपच्या स्पीकरवर बरं वाटतं. मोठ्या टॉपवर झांजा आणि हलगीची कड बोथट होते, कारण वरच्या फ्रिक्वेन्सी फाइल लहान करतानाच कापलेल्या असतात. विकत घेतलेली ३२० ची फाइल घ्या, कमी गाणी ठेवा, पण सगळी तोंडपाठ ठेवा. हॉटेलात त्यांचा प्लेअर वापरायचा असेल तर पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करूनच न्यायचा, कारण एनटीएफएस फॉरमॅट तिथले बहुतेक प्लेअर वाचत नाहीत. आणि एकसारखे दोन पेनड्राइव्ह, एक खिशात.

मिक्सिंगचं सांगायचं तर त्या क्लासनं सिंक शिकवलं आणि तुम्ही सिंक बंद करायला लावलं. ढोलकी, हलगी हातानं वाजवलेली असते, तिची लय गाण्याच्या ओघात जराशी हलते. सॉफ्टवेअर त्यावर ठोक्यांसाठी सारख्या अंतरावरच्या रेघांची ग्रिड आखतं. पहिल्या कडव्याला जुळलेली ग्रिड तिसऱ्या कडव्याला सरकलेली असते, आणि सिंकवर विश्वास ठेवला की दोन ठेके एकमेकांच्या पायांत येतात. एकतर ग्रिड हातानं तुकड्यातुकड्यानं बसवायची, नाहीतर कानानं जुळवायचं. पिच फेडरची (गाण्याचा वेग बदलायच्या पट्टीची) मर्यादा ६ टक्के असली तर १०० बीपीएमचं (मिनिटाला १०० ठोक्यांचं) गाणं ९४ ते १०६ मध्ये कुठंही नेता येतं. त्यापलीकडं ओढलं तर की-लॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) लावूनही गाणाऱ्याचा आवाज फाटायला लागतो. एक गाणं आत येताना दुसऱ्याचा बेस काढायचा. दोन बेस एकत्र म्हणजे नुसता गदारोळ.

आणि ही गोष्ट परदेशी व्हिडिओंमध्ये सापडत नाही: आपली कितीतरी गाणी सहा मात्रांच्या दादऱ्यात असतात, हिंदी नाचाची बहुतेक आठ मात्रांच्या केरव्यात किंवा सरळ चारच्या ठोक्यावर. त्यांचे बीपीएम जुळवून काही होत नाही, अंगच वेगळं आहे. तिथं मिक्स करायचा हट्ट सोडायचा. ओळ संपू द्यायची, थोडा इको सोडायचा आणि समेवर दुसरं गाणं स्वच्छ सुरू करायचं. पब्लिकच्या पायांना ते लगेच कळतं.

लॉनवरची एक अडचणही तुम्ही आधीच सांगून ठेवली होती. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. बॉक्स आपल्यापासून १७ मीटरवर असतील तर त्यांचा ठोका ५० मिलीसेकंद उशिरा ऐकू येतो. हेडफोनमध्ये वेगळं, मैदानात वेगळं, आणि डीजे उगाच जॉग (गाणं पुढं-मागं सरकवायचं चाक) फिरवत बसतो. म्हणून टेबलाशेजारी छोटा मॉनिटर (डीजेला ऐकायचा स्पीकर) हवाच, आणि जुळवायचं ते त्याच्यावर. तो तुम्ही तुमच्या घरचा आणून ठेवला होता.

पहिला तास कसा वाजवायचा, हे शिकवणारं माणूस फार दुर्मिळ. गाजलेली गाणी त्या तासात वाजवायची नाहीत. ती पुढच्याची आहेत. लोक जेवताना एकमेकांशी बोलू शकले पाहिजेत, एवढाच आवाज. हळूहळू लय वाढवत न्यायची आणि मुख्य डीजे येईल तेव्हा लोक खुर्चीच्या कडेवर आलेले असावेत, उठलेले नसावेत. तालमीत वस्ताद नव्या पोराला लहान कुस्तीला उतरवतो, तसं तुम्ही आम्हाला त्या तासावर उतरवलंत.

चतुर्थीला राजारामपुरीत आगमनाच्या मिरवणुका निघाल्या की प्रत्येक पोराला त्या भिंतीएवढ्या बॉक्सपुढं उभं राहायचं असतं. तुम्ही आम्हाला बारसं, वाढदिवस, कॉलेजचं गॅदरिंग यांकडं वळवलंत. तिथं माणसं चेहऱ्यानं दिसतात, कुठल्या गाण्याला आजी हसली, कुठल्या गाण्याला पोरं बसली ते कळतं. आणि पुढची सुपारी तिथल्याच कुठल्या तरी मावशीकडून, काकांकडून येते. आमच्या बाबतीत तसंच घडलं.

सुपारी घेतानाचे तुमचे नियम आम्ही तसेच चालवतोय. निम्मी रक्कम तारीख धरतानाच, उरलेली वाजवायला उभं राहायच्या आधी. किती तास, साउंड कुणाचा, जनरेटर कुणाचा, जास्तीच्या तासाचे किती, परवाना कोण काढणार, हे सगळं मोबाइलवर का होईना, पण लिहून. रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम, आणि सरकारनं सवलत दिलेल्या दिवशी तो १२ पर्यंत. वर्षात अशा दिवसांची मर्यादा १५ आहे. सवलत आहे की नाही ते आधी विचारायचं. दवाखाना, शाळा किंवा कोर्ट १०० मीटरच्या आत असेल तर ती सुपारी घ्यायचीच नाही. ‘एक शेवटचं गाणं’ म्हणत हट्ट धरणाऱ्या पाहुण्याला तुम्ही ज्या शांतपणे हात जोडून नाही म्हणता, ते पाहूनच आम्हाला नाही म्हणता यायला लागलं.

कानांचंही तुम्हीच सांगितलंत. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पण दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. फोमचे बोळे दहा-वीस रुपयांत मिळतात. तुमच्या वयाच्या डॉल्बीवाल्यांना हाक मारली की ते ‘आँ?’ म्हणून कान पुढं करतात, हे तुम्ही दाखवून दिलंत. आता आमच्या बॅगेत बोळ्यांची पाकिटं असतात आणि शेजारी उभ्या राहणाऱ्या लहान पोरांनाही आम्ही ती देतो.

एवढं सगळं शिकवणारा माणूस पैशाच्या बाबतीत सरळ असतोच असं नाही. ज्ञान देऊन त्याबदल्यात फुकट राबवून घेणारे या धंद्यात पुष्कळ आहेत. तुम्ही दोन्ही बाजूंनी सरळ वागलात. ठरलेलं द्यायचं, वेळेवर द्यायचं, ज्याचं काम त्याचं नाव घ्यायचं, जमत नसेल तर आधी सांगायचं. याला पैसा लागत नाही, मोठं दुकान लागत नाही. तरी असं वागणारी माणसं मोजकी आहेत, आणि शिकण्याच्या वयात त्यातलं एक जण भेटणं हे आमचं मोठं भाग्य.

मामा, तुळशीच्या लग्नानंतरच्या सुपाऱ्या ठरल्या आहेत, सगळ्यांचे ॲडव्हान्स आले आहेत. पहिल्या तासासाठी मंगळवार पेठेतलं एक नवीन पोरगं घेतलंय. कान चांगला आहे, फक्त हात अजून लालकडं जातो. त्याला एकदा गोदामात घेऊन येतो, तुम्ही मीटर दाखवा. तुमचा डीआय बॉक्स आणि मॉनिटर रविवारी सकाळी पोचवतो. डीआयचा ग्राउंडचा स्विच सैल झाला होता, तो बदलून घेतलाय.

तुमची,
गोदामातली पोरं