फेस दिसतो, ट्रायक्लोर दिसत नाही

मा. संपादक, स.न.वि.वि.

पालखीच्या सुमारास आळंदीला इंद्रायणीवर फेस आला की पेपरात फोटो येतात, यायलाच पाहिजेत, पण फेस निदान दिसतो तरी. मी भोसरी एमआयडीसीत बावीस वर्षं मशीन शॉपला काढली, तिथे जॉब म्हणजे मशीनवर केलेले सुटे भाग धुवायला ट्रायक्लोर म्हणजे ट्रायक्लोरोइथिलीन असायचं, ८७ डिग्रीला उकळतं, त्या वाफेत गिअरची जाळी सोडली की दोन मिनिटांत तेल उतरून जॉब कोरडे बाहेर आणि शॉपभर तो गोडसर वास, डोकं हलकं व्हायचं. टाकीतला काळा गाळ शेडच्या मागे ओतायचे. मीही ओतलाय, खोटं कशाला बोलू. यानं कॅन्सर होतो हे आम्हाला फार उशिरा कळलं.

ट्रायक्लोर पाण्यापेक्षा जवळजवळ दीडपट जड, त्यामुळे तरंगत नाही, खाली खाली जात खडकाच्या भेगांत बसतं आणि तिथून वर्षानुवर्षं थोडं थोडं पाण्यात उतरत राहतं. रंग नाही, फेस नाही.

आणि गंमत बघा, याच्यावरचा उतारा आमच्याच शॉपच्या कोपऱ्यात पडलेला असायचा. लोखंडाचा कीस! १९८० च्या दशकात कॅनडात वॉटर्लू विद्यापीठात पाण्याचे नमुने घ्यायच्या सामानाची तपासणी चालली होती, तेव्हा लक्षात आलं की धातूला लागलेल्या पाण्यातून ही क्लोरीनवाली सॉल्व्हंट गायब होतायत. लोखंड गंजताना इलेक्ट्रॉन सोडतं, त्यानं रेणूतला क्लोरीन निघतो, मिठात असतो तसा क्लोराइड होऊन पाण्यात जातो, मागे राहतो इथिलीन-इथेन गॅस. कॅलिफोर्नियात सनीव्हेलला १९९५ च्या सुमारास चर खणून लोखंडाचे दाणे भरले, पाणी आपलं आपण त्यातून जातं, पंप नाही की लाइट बिल नाही. खरा कॅटॅलिस्ट म्हणाल तर पॅलेडियम, सोबत हायड्रोजन दिला की मिनिटांत काम आणि स्वतः संपतही नाही, पण महागडं प्रकरण, शिवाय पाण्यात सल्फाइड असलं की बाद होतो, आपल्याकडे ड्रेनेज मुरलेल्या पाण्यात तो कितीसा टिकणार.

आता कुणी भंगारातून सीआय बोरिंगची, म्हणजे बिडाच्या किसाची, गोणी आणून बोअरमध्ये ओतू नका हं. त्याला कटिंग ऑइल असतं, आणि काम अर्धवट झालं तर व्हिनाइल क्लोराइड तयार होऊ शकतं, ते आणखी वाईट. आपल्या काळ्या पत्थरात चर खणणंही सोपं नाही, ते पाषाणच्या एनसीएल म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणच्या जाणकारांनी बघावं.

पण आधी टेस्ट तर करा! आमच्या सोसायटीच्या बोअरचा रिपोर्ट आला त्यात टीडीएस, हार्डनेस, कोलिफॉर्म सगळं होतं, ट्रायक्लोरचा रकानाच नाही. महापालिकेनं जुन्या शेडच्या आजूबाजूचे बोअर एकदा तरी यासाठी तपासावेत. गाळ कुठे ओतला ते सांगणारे आमच्यासारखे अजून आहेत, आमच्या शेडमागची जागा मी स्वतः येऊन दाखवतो, तिथे आता पार्किंग झालंय.

– एक निवृत्त सुपरवायझर, भोसरी