शिंगातले शेण आणि मोरचुदाची फवारणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत फ्रान्सच्या बोर्दो भागातील 'शातो पॉन्ते-काने' या बागेच्या रेड वाईनवरील लेख वाचला. गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरायचे, वसंतात उकरून त्यातले थोडेसे तासभर पाण्यात घुसळायचे आणि शिंपडायचे, ही ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांनी 1924 साली मांडलेली बायोडायनॅमिक पद्धत लेखात रंगवून सांगितली आहे. मात्र अशा बागेत फवारणीची गरजच उरत नाही, असा जो समज लेखातून होतो, तो आमच्या भागातील द्राक्ष बागायतदारांना महागात पडेल.

आपण डाऊनी या बुरशीजन्य रोगासाठी मारतो ते मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण 1885 च्या सुमारास त्याच बोर्दोत वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी पुढे आणले, आणि प्रमाणित बायोडायनॅमिक बागांनाही ते आज चालते. युरोपीय संघाने फक्त तांब्याचे प्रमाण 7 वर्षांत हेक्टरी 28 किलोपर्यंत मर्यादित केले आहे. खुद्द पॉन्ते-कानेला 2007 साली डाऊनीपुढे रासायनिक औषधांकडे वळावे लागले होते. 2018 साली मालकांनी ती टाळली, तेव्हा पिकाचा मोठा हिस्सा गेला. तो तोटा त्यांच्या बाटलीची किंमत पेलते. आमचा माल व्यापारी बागेत उभा राहून दर पाडून नेतो.

त्याहून मोठा प्रश्न हंगामाचा आहे. तिकडे वेल हिवाळ्यात झोपतो. आमच्याकडे एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळासाठी गोडी छाटणी, आणि ऐन थंडीत मणी फुगत असतात. गोडी छाटणीनंतर परतीचा पाऊस झाला की पानावर तेलकट पिवळे डाग दिसतात, सकाळी पान उलटावे तर खाली पांढरी बुरशी असते आणि दोन-तीन दिवसांत कोवळे घड तपकिरी होऊन कुजू लागतात. त्या वेळी बायोडायनॅमिक शेतकरी वापरतात त्या मारिया थुन यांच्या चंद्राच्या स्थितीवरील पंचांगातला 'फळाचा दिवस' कधी येतो, याची वाट पाहणे परवडत नाही. (नक्षत्र पाहून पेरणारा शेतकरीसुद्धा आधी ढग पाहतो.)

जर्मनीतील गायझेनहाइम येथे 2006 पासून चाललेल्या प्रयोगात सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक भूखंडांत फारसा फरक आढळला नाही. नेहमीच्या पद्धतीपेक्षा उत्पादन मात्र दोन्हींकडे कमी आले. म्हणजे गुण असलाच तर तो शेणखताचा, वेलींच्या ओळींत वाढू दिलेल्या गवताचा आणि घड मर्यादित ठेवण्याचा आहे, शिंगाचा नव्हे. हे सारे शिकण्यासारखे आहे, यात शंका नाही. गोठ्यातले शेण बागेतच जिरवावे, हे मला पूर्ण पटते.

परंतु आमच्या तालुक्यात काही विक्रेते हेच शिंगातले खत 'फ्रान्सचे तंत्र' म्हणून भारी दराने गळ्यात मारत आहेत, आणि असे लेख त्यांच्या हाती आयते प्रमाणपत्र देतात. पुढील पुरवणीत पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील तज्ज्ञांकडून गोडी छाटणीनंतरच्या डाऊनी व्यवस्थापनावर सविस्तर लेख घ्यावा आणि त्यात तांब्याचे प्रमाण व काढणीपूर्वी किती दिवस फवारणी थांबवायची हे स्पष्ट द्यावे, ही विनंती.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार, तुळजापूर, जि. धाराशिव