महामार्गावर चढणारी वाहने मोजून सोडा

प्रति,
माननीय केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली.

सविनय नमस्कार.

पुणे-बंगळूर महामार्गाच्या कागल-सातारा टप्प्याच्या सहापदरीकरणाबद्दल आम्हा कोल्हापूरकरांची तक्रार नाही (धुळीबद्दल आहे, पण तो या पत्राचा विषय नव्हे). मागणी एकच आहे: सर्व्हिस रोडवरून वाहने जिथे मुख्य मार्गावर चढतात, तिथे ती सिग्नलने मोजून सोडण्याची सोय व्हावी.

गळीत हंगामातल्या एका संध्याकाळी मी कोल्हापुरातल्या तावडे हॉटेल चौकापाशी उभा होतो. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुण्याच्या दिशेने वर चढला आणि त्याच्या मागोमाग आठ-दहा मोटारी व एक एस.टी. एकदमच घुसली. डाव्या पदरातल्या ट्रकने ब्रेक दाबला, मग त्याच्या मागच्याने, आणि लाल दिव्यांची ओळ उचगावच्या बाजूला मागे मागे सरकत गेली. ट्रॅक्टर पंचगंगेचा पूल ओलांडून गेला तरी मागे गाड्या थांबतच होत्या.

मागे सरकणाऱ्या या लाटेचे गणित लाइटहिल व व्हिटहॅम या संशोधकांनी 1955 मध्ये आणि रिचर्ड्स यांनी 1956 मध्ये मांडले. प्रवाह (तासाला पार होणारी वाहने) म्हणजे घनता (दर किलोमीटरला असलेली वाहने) गुणिले वेग. घनता एका मर्यादेपलीकडे गेली की वेग इतका घसरतो की तासाला पूर्वीपेक्षा कमी वाहने पार होतात, आणि एकदा कोंडी झाली की तिच्या तोंडातून बाहेर पडणारा प्रवाहही रस्त्याच्या मूळ क्षमतेहून कमीच राहतो. म्हणूनच चढणाऱ्या वाहनाला काही सेकंद थोपवणे सर्वांच्याच फायद्याचे ठरते. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला गर्दी टप्प्याटप्प्याने का सोडतात, हे आम्हाला वेगळे सांगावे लागत नाही.

शिकागोत 1963 पासून ही पद्धत आहे. 1991 मध्ये मांडलेल्या ‘अलिनिया’ सूत्रात, वाहने मिसळतात त्याच्या थोडे पुढे बसवलेल्या डिटेक्टरवर किती टक्के वेळ वाहन असते ते पाहून सिग्नल वाहने सोडण्याचा वेग कमीजास्त करतो. अमेरिकेतल्याच मिनियापोलिस-सेंट पॉल परिसरात 2000 साली असे सुमारे 430 सिग्नल काही आठवडे मुद्दाम बंद ठेवले, तेव्हा महामार्गावरून पार होणारी वाहने 9 टक्क्यांनी घटली आणि अपघात 26 टक्क्यांनी वाढले.

ही सूत्रे मोटारींच्या शिस्तबद्ध पदरांसाठी बेतलेली आहेत. आमच्याकडे दुचाकी, ट्रॅक्टर आणि कंटेनर एकाच पदरात असतात, त्यामुळे तिथले आकडे जसेच्या तसे चालणार नाहीत आणि मोजणी इथेच करावी लागेल. खरी अडचण जागेची आहे. थोपवलेली रांग शहराच्या रस्त्यात शिरली तर कोंडी फक्त जागा बदलेल, म्हणून सर्व्हिस रोडवर रांगेपुरती लांबी आणि एस.टी. व रुग्णवाहिकेसाठी वेगळी वाट आराखड्यातच धरावी लागेल. काम पुरे झाल्यावर ती मिळणार नाही.

तावडे हॉटेल आणि सांगली फाटा या दोनच ठिकाणी एक गळीत हंगाम हा प्रयोग करावा आणि आधीची व नंतरची मोजणी जाहीर करावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक कोल्हापूरकर वाहनचालक