आई-अण्णा, बुकिंग करून टाकलंय

ती. आई-अण्णा,

फोनवर सांगितलं असतं तर अण्णा तुम्ही 'बघू' म्हणून फोन आईकडं दिला असता, म्हणून लिहितेय. पुढच्या रविवारी इथं संभाजीनगरात इलेक्ट्रिक सायकलची टूर आहे, गाइड सोबत असतो, तुमचं-माझं बुकिंग केलंय. पैसे भरलेत, किती ते विचारू नका.

आधी ऐकून तर घ्या. ही स्कूटी नाही, पायडल मारायचंच, मोटर नुसता जोर देते, पाय थांबले की तीही थांबते आणि ताशी २५ किलोमीटरच्या वर पळत नाही. मी करून बघितली, मकबऱ्याच्या रोडला धाप सुद्धा लागली नाही. डॉक्टरांना पण विचारलंय, गुडघ्याला चालेल म्हणाले.

दादानं तुमची सायकल विकली ते बरोबरच होतं, मोंढ्याच्या रोडवर ट्रकांच्या गर्दीतून तुम्ही सायकल घेऊन जायचात, आम्हाला इकडं झोप नसायची. पण तेव्हापासून तुम्ही ओसरी सोडत नाही म्हणे (आईवर चिडू नका, मीच खोदून विचारलं).

सुरुवात भडकल दरवाज्यापासून. मलिक अंबरनं १६१२ मध्ये बांधलेला, हे तुम्हाला काय सांगायचं, पण गाइडला मधेच टोकू नका हं, पोराचं बोलणं होऊ द्या, मग त्या जुन्या पाण्याच्या नहरीचं सांगा. पुढं पाणचक्की. डोंगरातलं पाणी नहरीनं येऊन त्या उंच भिंतीवरून हौदात पडतं ना, तिथं मी हट्टानं शिंतोड्यात उभी राहिले होते आणि तुम्ही सदऱ्याच्या टोकानं माझं डोकं पुसलं होतं, घरी आईला सांगायचं नाही म्हणून. आई, आता कळलं तुला.

तुला सायकलवर बसवत नाही गं, घाबरू नको. रिक्षा सांगितलीय, थेट पाणचक्कीला ये, वडाखाली निवांत बस. मुक्कामाचं म्हणशील तर खालची खोली रिकामी केलीय, कमोड आहे, सहाला गरम पाणी, बिनसाखरेचा चहा, रात्री ज्वारीचीच भाकरी. नंतर नानाच्या लग्नासारखं 'अवघडल्यासारखं झालं' म्हणायचं नाही.

अण्णा, पायजमा नको, चेनमध्ये अडकतो, पँट घाला. टोपी पिशवीत, डोक्यावर हेल्मेट, याच्यावर चर्चा नाही. बीपीची गोळी शनिवारच्या एसटीत बसायच्या आधीच घ्या. तिकीट दोघांचं अर्धंच लागतं, आधार कार्ड विसरू नका. आणि रविवारी मधेच कंटाळा आला तर सांगा, तिथूनच रिक्षानं घरी येऊ, कुणी काही म्हणत नाही.

आई, धपाटे करत बसू नको. बरं, कर, पण थोडेच.

तुमची
बेबी