हृदयविकाराच्या उपचारातली मिनिटे मोजा

संपादक महोदय,

हृदयविकाराच्या झटक्यावर तातडीने उपचार करणाऱ्या 'स्टेमी गोवा' या सरकारी उपक्रमामुळे बांबोळीपासून दूरच्या केंद्रातही ईसीजी काढून, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देऊन रुग्णाला बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉत) पाठवता येते. ही मोठीच सोय आहे. पण किती जणांना इंजेक्शन दिले एवढ्या आकड्यावरून उपचार कसा झाला ते कळत नाही. ते वेळेत मिळाले का, हे पाहायला नियमित क्लिनिकल ऑडिट, म्हणजे प्रत्यक्ष उपचारांची ठरलेल्या निकषांशी पडताळणी, हवे.

रुग्ण दारात आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी आणि ३० मिनिटांत इंजेक्शन, हे सर्वमान्य निकष आहेत. अँजिओप्लास्टीसाठी (फुग्याने रक्तवाहिनी उघडण्यासाठी) पाठवायचे तर पहिल्या तपासणीपासून १२० मिनिटांत रक्तवाहिनी उघडली पाहिजे. गोव्याच्या दक्षिण टोकाच्या काणकोणहून बांबोळीचा रस्ता, रुग्णवाहिकेची वाट आणि कॅथलॅबची (अँजिओप्लास्टी करतात त्या कक्षाची) तयारी यांची बेरीज केली की तिथल्या बऱ्याच रुग्णांना आधी इंजेक्शन देणेच का शहाणपणाचे, ते ध्यानात येते. त्यानंतरची अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांची तपासणी) ३ ते २४ तासांत व्हावी.

म्हणून आगमन, ईसीजी, इंजेक्शन आणि रवानगी या चार वेळा केसपेपरवर त्या-त्या क्षणी लिहिल्या पाहिजेत. घोळ इथेच होतो. ईसीजी यंत्राचे घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळत नाही आणि कागदोपत्री ईसीजी रुग्ण येण्याआधीच निघालेला दिसतो! दर सोमवारी सगळी घड्याळे मोबाईलच्या वेळेशी जुळवावीत. पाळी संपताना आठवून लिहिलेल्या वेळा ५-१० मिनिटांच्या पटीत येतात. त्या ऑडिटला निरुपयोगी.

नुसती सरासरीही फसवते. रात्री तीन तास रखडलेला एकच रुग्ण ती बिघडवतो, म्हणून मध्यक (सगळ्या वेळा चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी वेळ) काढावा आणि निकषात बसलेल्यांची टक्केवारी द्यावी. रुग्ण निवडून घेऊ नयेत, ओळीने सगळे घ्यावेत. 'गॅस झालाय' म्हणून घरी पाठवलेले आणि दारातच दगावलेले वगळले, तर आकडे सुंदर दिसतील आणि खोटे असतील. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात छातीत कळ न येता नुसता दम लागणे किंवा घाम येणे हेच लक्षण असू शकते. त्यांचा ईसीजी उशिरा निघतो का, हे वेगळे पाहावे.

उशिराचे कारण शोधल्याशिवाय मोजणी व्यर्थ आहे. ईसीजी स्पष्ट असताना ट्रोपोनिन या रक्ततपासणीच्या अहवालासाठी थांबणे, इंजेक्शन कुलपात आणि किल्ली दुसऱ्याकडे असणे, वजन न घेतल्याने डोस अडणे, अशी कारणे प्रत्येक ठिकाणी वेगळी निघतील. टेनेक्टेप्लेज या गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा डोस वजनानुसार ३० ते ५० मिलिग्रॅम असतो आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना निम्मा देण्याची शिफारस आहे. त्यामुळे वजनकाटा आणि डोसचा तक्ता इंजेक्शनच्या पेटीपाशीच हवा. एका वेळी एकच बदल करावा आणि तीन महिन्यांनी त्याच व्याख्यांनी पुन्हा मोजावे. ही फेरमोजणीच सर्वांत जास्त वेळा राहून जाते.

यातून कुणाला मेमो दिला गेला, तर पुढच्या महिन्यापासून सगळ्या वेळा 'निकषात' लिहिल्या जातील. तेव्हा व्यक्तींची नावे बाहेर ठेवून आरोग्य संचालनालयाने दर तिमाहीला केंद्रनिहाय मध्यक वेळा, रुग्णसंख्या आणि नोंद नसलेल्या रुग्णांची संख्या जाहीर करावी, ही विनंती.

– एक हृदयरोगतज्ज्ञ, फोंडा