आमच्या उद्यानाच्या जमिनीखालचे पाणी मोजून देणाऱ्या सरांस

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

आपले नाव कुठेही येऊ नये ही आपली अट आम्ही पाळत आहोत. पत्र जाहीर असू नये अशी अट मात्र आपण घातली नव्हती, एवढ्या पळवाटेचा आधार घेऊन हे लिहितो आहे.

औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या ज्या भूखंडावर विकास आराखड्यात उद्यानाचे आरक्षण आहे, तिथे पूर्वी क्रोम प्लेटिंगचा, म्हणजे धातूवर क्रोमियमचा मुलामा चढवण्याचा, कारखाना होता हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. पावसाळा सरला की कुंपणाच्या कडेला माती पिवळसर दिसते, हेही दिसत होते. पण कारखाना बंद पडून इतकी वर्षे झाली, आता काय उरले असणार, अशी आम्ही समजूत करून घेतली होती आणि माती तपासणीचा जो अहवाल आमच्या हाती आला त्यात सारे काही मर्यादेत होते. भूजल विभागातून निवृत्त झालेल्या आपल्यासारख्या माणसाकडे तो अहवाल आम्ही खरे तर शिक्कामोर्तब करून घेण्यासाठीच आणला होता. आपण तो वाचून एकच प्रश्न विचारलात: ‘नमुना कुठून घेतला?’ उत्तर शेवटच्या पानावर होते. फाटकाजवळच्या, नंतर टाकलेल्या मुरमाच्या भरावातून आणि चार कोपऱ्यांची माती एकत्र कालवून. एखाद्या जागी साचलेले विष अशा कालवणात पातळ होऊन दिसेनासे होते, हे आपण आम्हाला त्या दिवशी समजावलेत.

त्यानंतरचे चार रविवार आपण आमच्यासाठी दिलेत. बोअरचा पंप बराच वेळ चालवून आतले साचलेले पाणी काढून टाकायचे आणि मगच बाटली भरायची. एकूण क्रोमियमच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालायचे, पण षट्संयुजी क्रोमियमच्या बाटलीत ते चुकूनही घालायचे नाही, ती बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवायची. बाटलीवर वेळ लिहायची. या गोष्टी आपण आमच्याकडून इतक्यांदा करून घेतल्या, की आमच्या समितीतील एक किराणा दुकानदार आता हे सारे झोपेतही सांगू शकतील. दोन क्रोमियममधला फरक आम्हाला आपल्यामुळे कळला. त्रिसंयुजी रूप मातीला बऱ्यापैकी धरून राहते, तर षट्संयुजी रूप पाण्यात विरघळून पाण्याबरोबर चालू लागते आणि कर्करोगालाही कारण होऊ शकते. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. कारखान्याच्या मागच्या विहिरीचा आकडा त्याच्या वर निघाला, तेव्हा आम्ही खवळलो होतो. आपण मात्र दुसऱ्या दिवशी तोच नमुना पुन्हा घ्यायला लावलात.

माझ्या मते आपले सर्वांत मोठे काम त्यापुढचे आहे. पाणी कोणत्या दिशेने वाहते हे डोळ्यांनी कळत नाही, त्यासाठी निदान तीन विहिरींच्या पातळ्या एकाच आधारापासून मोजाव्या लागतात, असे सांगून आपण अभियांत्रिकी महाविद्यालयातून डंपी लेव्हल, म्हणजे उंचीतला फरक मोजायची दुर्बीण, उसनी आणलीत आणि भर उन्हात तीन काठांच्या उंची काढल्यात. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी सरळ रेषेत जात नाही, भेगांमधून वाट काढते, म्हणून या त्रिकोणावर डोळे झाकून विसंबू नका, हेही बजावलेत. पण कागदावर पाण्याच्या दिशेचा बाण उमटला आणि एक गोष्ट लख्ख झाली. उद्यानाच्या आराखड्यात हिरवळीसाठी जी नवी बोअर दाखवली होती ती बरोबर त्या वाटेवर होती. ती चालू झाली असती, तर पंपाच्या ओढीने दूषित पाणी उद्यानाखाली आले असते आणि फवाऱ्यांनी रोज सकाळी मुलांच्या खेळायच्या जागेवर पसरले असते. ज्या उपायाने बाग हिरवी होणार होती, त्यानेच ती नासली असती. ही बोअर सध्या रद्द झाली आहे आणि सविस्तर तपासणी होईपर्यंत खेळण्यांचे काम थांबले आहे.

आपण आम्हाला आवरलेत, त्याबद्दलही आभार मानायला हवेत. वस्तीतल्या काही मुलांच्या अंगावरचे पुरळ आम्ही निवेदनात घातले होते, ते ‘याचा पुरावा तुमच्याकडे नाही’ म्हणून आपण खोडलेत. राग आला होता, हे कबूल करतो. तमिळनाडूतील राणीपेटच्या बंद कारखान्यातील दोन लाख टनांहून अधिक क्रोमियमयुक्त कचऱ्याचा दाखला देऊन भीती घालण्याची आमची सूचनाही आपण नाकारलीत. उलट कोणी अमेरिकेतील सिएटलचे गॅस वर्क्स पार्क दाखवून ‘तिथे झाले, इथे का नाही’ म्हणाले, तेव्हा आपण पूर्ण गोष्ट सांगितलीत: १९५६ साली बंद झालेल्या गॅस कारखान्याच्या जागी १९७५ मध्ये ते उद्यान खुले झाले, पण १९८४ मध्ये तपासणीसाठी ते काही काळ बंद ठेवावे लागले. उद्यान होऊ नये असे आपण एकदाही म्हणाला नाहीत.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या दूषित स्थळांच्या नियमांचा आधार घेऊन आपण लिहून दिलेला अर्ज दाखल झाला आहे. सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल व्हावा ही मागणी त्यात आहे. मागच्या विहिरीच्या मालकीणबाई, ज्या आपल्याला दर वेळी ताक देत असत, त्यांनी पिण्यासाठी ते पाणी बंद केले असून टँकरऐवजी नळजोडणी मिळावी म्हणून आम्ही पाठपुरावा करतो आहोत.

मे महिन्यातील पातळ्या आम्ही आपल्याशिवाय मोजल्या. दुसऱ्या विहिरीचा आकडा मागच्यापेक्षा वेगळा आला, म्हणून आपल्या सवयीप्रमाणे दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजला. वही सोबत पाठवत आहे. चूक दिसल्यास लाल पेनाने खूण करावी.

आपले नम्र,
उद्यान समितीतील रहिवाशांच्या वतीने