‘मशीन लावायचंय, सही करा’ एवढ्यावर भागवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अटॅक आला की लवकर अँजिओप्लास्टी करायची हे आता खेडोपाडीही लोकांना माहितीय, पण अटॅकनंतर हार्ट नीट पंपच करत नाही, बीपी पडतं, हातपाय गार पडतात, लघवी बंद होते, त्या कार्डिओजेनिक शॉकबद्दल पेपरात फारसं येत नाही म्हणून लिहितेय. मी बरीच वर्षं हार्टच्या आयसीयूत नर्स होते. नातेवाइकांना बाहेर बोलावून ‘सीरियस आहे, मशीन लावायचंय, सही करा’ एवढंच सांगतात आणि ते बिचारे सही करून पैशाच्या मागे पळतात.

अहो पण मशीन काय एकच आहे का? बलून पंप १९६७ पासून आहे, महाधमनीत हेलियमचा फुगा ठोक्याच्या तालावर फुगतो-मिटतो. त्याने जीव वाचतो असं आम्हीही धरून चाललो होतो, पण २०१२ ला जर्मनीत ६०० पेशंटची ट्रायल झाली, ३० दिवसांत बलूनवाले ३९.७ टक्के दगावले आणि बिनबलूनचे ४१.३, म्हणजे फरक नाहीच. एक्मो म्हणजे रक्त बाहेर काढून ऑक्सिजन देऊन परत शरीरात सोडणारं मशीन, त्याचंही २०२३ च्या ट्रायलमध्ये तेच निघालं, वर रक्तस्राव जास्त. २०२४ च्या डेंजर शॉक ट्रायलमध्ये मात्र इम्पेलाने खरंच फरक पडला. हा मांडीतून थेट डाव्या कप्प्यात सरकवलेला बारीक पंप, तिथलं रक्त ओढून पुढे महाधमनीत सोडतो. सहा महिन्यांत मृत्यू ४५.८ टक्के, नेहमीच्या उपचारांत ५८.५.

पण अरेस्टनंतर, म्हणजे हार्ट बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावरही, बेशुद्धच राहिलेले पेशंट त्यात घेतलेच नव्हते, आणि रक्तस्राव, डायलिसिस, पायाचा रक्तपुरवठा तुटणं हे सगळं इम्पेलावाल्यांत जास्त झालं. बलूनच्या पेशंटचासुद्धा पाय मी सारखा हात लावून बघायचे, बोटं गार लागली की पोटात गोळाच यायचा.

म्हणून डॉक्टरांना कळकळीची विनंती, सही घेताना पाच मिनिटं बसून मराठीत सांगा की कुठलं मशीन, याच पेशंटला का, धोका काय, खर्च किती, आणि नाही लावलं तर काय. आणि जिथे कॅथलॅबच, म्हणजे अँजिओप्लास्टी करायची खोलीच, नाही तिथे बीपी पडायला लागलेला पेशंट सकाळपर्यंत ठेवून घेऊ नका, फोन करून लगेच पुढे पाठवा.

- एक निवृत्त परिचारिका, सातारा